चौथे आभार

शनिवार, दिनांक १७ ऑगस्ट २०२४ रोजी सायंकाळी ठीक सहा वाजता, एस्किलस्टूना शहरातील मायकेन स्ट्रोले हिच्या अंगणात नऊ माणसे डोक्याला कागदी टोप्या आणि गळ्यात लाळेरी बांधून गोड्या पाण्यातल्या एकशे आठ छोट्या शेवंडींसमोर बसली. रात्री सव्वाअकराला ती उठली तेव्हा शेवंड एकही उरली नव्हती. आभार मात्र मोठ्या प्रमाणावर शिल्लक होते.

सुसंस्कृत समाजात मेजवानी ही पोटासाठी नसते, ती तिच्यानंतर येणाऱ्या कर्तव्यांसाठी असते. पोट कुठेही भरते. कर्तव्यासाठी यजमान लागतो. ही गोष्ट स्वीडिश समाजाने फार पूर्वी ओळखली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी या देशात सर्वांनी सर्वांना एकेरीत हाक मारायचे ठरवले. डॉक्टर, न्यायाधीश, बँकेचा व्यवस्थापक, सगळे 'अरे' आणि 'अगं' झाले (राजाला तेवढे वगळले, कोणीतरी परके राहायला हवेच). त्यामुळे समता आली हे खरे, पण एखाद्याच्या जवळ जायचे झाल्यास भाषेत चढायला पायरीच उरली नाही. ती पायरी आभारांनी पुरवली. सबब, या कथेतही सर्वांचा उल्लेख एकेरीतच आहे. अनादर समजू नये.

आभार चार प्रकारचे. पहिले ताटावरून उठताना, अन्नाबद्दल. दुसरे दारात, बूट चढवताना, एकूण संध्याकाळबद्दल (एका पायावर उभे राहून मानले तरी ग्राह्य). तिसरे दुसऱ्या दिवशी फोनवर, यजमानाची भांडी घासून झाल्यानंतर, परंतु आपण त्याला विसरलो असे वाटण्यापूर्वी. हे तिन्ही कोणालाही जमतात. माणसाची पारख होते ती चौथ्यात. मेजवानीनंतर यजमान आणि पाहुणा प्रथम जिथे समोरासमोर येतील, मग ते ठिकाण स्मशान का असेना, तिथे पाहुण्याच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य 'मागच्या वेळेबद्दल आभार' हेच असले पाहिजे. हवापाण्याचा विषय त्यानंतर. आगीची वर्दीसुद्धा त्यानंतर (याबाबत मतभेद आहेत).

सिक्स्टेन मालमरूस याने हे चौथे आभार आयुष्यात कधी चुकवले नव्हते. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो चाचणी विभागाचा प्रमुख होता, आणि त्याच्या हाताखालून गळका पंप कधी बाहेर गेला नाही अशी त्याची ख्याती होती. चार वर्षांपूर्वी बायको गेली. तेव्हापासून तो एकटा राहत होता आणि सवयीने बटाटे दोघांपुरते उकडत होता. उरलेले दुसऱ्या दिवशी परतून खाई; त्या दिवशीही पुन्हा दोघांपुरतेच उकडी. हिशेबात हा बटाटा कधी संपत नसे.

आता अळंबीविषयी. या देशात रान कोणाच्याही मालकीचे असो, त्यात हिंडून पिवळी अळंबी खुडण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. म्हणूनच ती कुठे उगवते हे कोणी कोणाला सांगत नाही. नवऱ्याला बँकेचा संकेतांक सांगणाऱ्या बायका आढळतात. अळंबीची जागा सांगणाऱ्या आढळत नाहीत. मायकेनचा नवरा अकरा वर्षांपूर्वी वारला. एकोणतीस वर्षांच्या सुखी संसारात त्याने ती अळंबी लोण्यावर परतून अनेकदा खाल्ली, पण जागा न पाहताच गेला. या पार्श्वभूमीवर शेवंडींच्या रात्री, शहाजिऱ्याच्या दारूचा तिसरा पेला संपल्यावर, मायकेन सिक्स्टेनकडे झुकून जे म्हणाली त्याचे गांभीर्य लक्षात घ्यावे.

"सिक्स्टेन, सप्टेंबरात पाऊस झाला ना, की तुला माझी जागा दाखवीन."

सिक्स्टेनने डोक्यावरची कागदी टोपी सरळ केली. सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीने सत्तरी ओलांडलेल्या पुरुषाला यापुढे जाऊन काही म्हणावे, अशी तरतूद स्वीडिश समाजात नाही. त्या रात्री तो घरी चालत गेला आणि वाटेत दोनदा उगाचच थांबला. रविवारी त्याने फोन करून तिसरे आभार मानले. आता चौथे तेवढे राहिले होते. ते तो न्हाणीघरात आरशासमोर म्हणून पाहत होता.

मंगळवारी सकाळी तो मेजवानीच्या रिकाम्या बाटल्या घेऊन काचेच्या पेट्यांपाशी गेला (मायकेनकडून निघताना त्याने आपण होऊन पिशवीभर नेल्या होत्या, सभ्य पाहुणा असाच असतो). शहराच्या प्रत्येक भागात अशा दोन पेट्या असतात, एक रंगीत काचेची, एक बिनरंगी. सिक्स्टेनने पहिली हिरवी बाटली टाकली, ती आत खळ्ळकन फुटली, आणि त्या आवाजासरशी पेटीमागून मायकेन पुढे आली. तिच्या हातात मुरंब्याच्या दोन रिकाम्या बरण्या होत्या.

सिक्स्टेनने तोंड उघडले आणि विचारले, "रंगीत काच डावीकडच्या पेटीत ना?"

"हो. डावीकडच्या," मायकेन म्हणाली. तिने बरण्या उजवीकडे टाकल्या, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि सायकलवर बसून गेली.

हे सर्व एका मिनिटात घडले. जगातील इतर देशांत माणसे एवढ्या वेळात एकमेकांचा खूनही करतात, परंतु त्यासाठी तिथे कायदा आहे. सिक्स्टेनच्या गुन्ह्यासाठी इथे कोणताच कायदा नव्हता, म्हणजेच माफीचीही सोय नव्हती.

संध्याकाळी त्याचा मेहुणा बोर्ये, म्हणजे त्याच्या दिवंगत बायकोचा भाऊ, कॉफीला आला. निवृत्त टपालवाल्या बोर्येने चाळीस वर्षे शहरातील प्रत्येक दाराची घंटा वाजवली होती; त्यामुळे शिष्टाचाराच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"पहिलं वाक्य काय बोललास?" बोर्येने विचारले.

"रंगीत काच डावीकडच्या पेटीत ना, असं."

बोर्येने कप खाली ठेवला. "आणि तुला ठाऊक नव्हतं?"

"तीस वर्षं तिथंच टाकतोय."

"मग विचारलंस कशाला, लेका?"

"ती एकदम समोर आली. काहीतरी बोलायला हवं होतं."

"काहीतरी नाही! एकच गोष्ट बोलायची होती. तीन शब्द. पोपटालासुद्धा शिकवता येतात."

"उद्या तिच्या घरी जाऊन म्हणतो."

"उद्या म्हणशील तेव्हा 'मागची वेळ' कुठली असेल? काचेच्या पेट्यांची. तिला वाटेल, हा माणूस कचऱ्याबद्दल आभार मानायला घरी आलाय."

सिक्स्टेनला यातला तर्क पटला. चाचणी विभागात तो असाच तर्क लढवत असे. "फोन केला तर?"

"फोन म्हणजे तिसरे आभार. ते तू रविवारीच मानलेस. तेच पुन्हा मानलेस तर म्हणेल, याला विसरायचा आजार झालाय. मग जागा दाखवील होय? विसरणाऱ्याला जागा दाखवतं का कोणी?"

"उलट," सिक्स्टेन क्षीण आवाजात म्हणाला, "विसरणाऱ्यालाच दाखवावी. सुरक्षित राहते."

बोर्ये हसला नाही. प्रकरण खरोखरच गंभीर होते. सप्टेंबरचा पाऊस येणार होता, पावसामागे अळंबी, अळंबीमागे हिवाळ्याचे पहिले गोठलेले दव. आणि दव गोठले की अळंबी कुजते, ती जागा पुढच्या वर्षापर्यंत बंद. सत्तरीत पुढचे वर्ष ही फार सैल मुदत असते.

यावर उपाय सिक्स्टेननेच काढला, आणि तो तांत्रिक होता. पंपात हवा अडकली की मागून पाणी लोटून उपयोग नसतो. पंप पूर्ण रिकामा करून नव्याने भरावा लागतो. तद्वत, अडकलेले आभार बाहेर काढता येत नसतील तर नवी मेजवानी भरावी. सिक्स्टेन यजमान झाला, की 'मागची वेळ' म्हणजे त्याच्या घरची वेळ. जुने खाते आपोआप बंद. त्याने मायकेनला रविवार, एक सप्टेंबर, दुपारी तीन वाजता कॉफीला बोलावले. साक्षीदार म्हणून बोर्येही होता.

मायकेन तीनला आठ मिनिटे कमी असताना आली आणि इमारतीभोवती चालू लागली. लवकर येणे हा उद्धटपणा आणि उशिरा येणे हा अपराध असल्याने शहरातील रस्त्यांवर रविवारी दुपारी जी वर्दळ दिसते, तिच्यातील बराच भाग अशा फेऱ्यांचाच असतो. सिक्स्टेन स्वयंपाकघराच्या पडद्याआडून पाहत होता. तिसऱ्या फेरीला तिने पर्समधून कंगवा काढून केस नीट केले. ते पाहून त्याच्या छातीत असे काही झाले की घंटा वाजल्यावर त्याने दार उघडले, आणि बारा दिवस अडकून पडलेले वाक्य पंपासारखे फुटून बाहेर आले.

"मागच्या वेळेबद्दल आभार!"

मायकेन उंबऱ्यातच थबकली. "काचेच्या?"

"नाही," सिक्स्टेन म्हणाला. "म्हणजे, हो."

"त्यात काय एवढं. रंगीत डावीकडेच असते," ती म्हणाली आणि वाकून बूट काढू लागली.

त्यानंतरचा दीड तास हवामानावर खर्च झाला. बशीत दालचिनीच्या वड्या होत्या. स्वीडिश नागरिक बशीतला शेवटचा तुकडा कधीही घेत नाही. तो त्याचा अर्धा घेतो. दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा घेतो. गणितात ही श्रेणी शून्याच्या दिशेने जाते पण शून्याला पोहोचत नाही, आणि म्हणूनच या देशातील बशा कधी पूर्ण रिकाम्या होत नाहीत. वडी नखाएवढी उरली तेव्हा बोर्येने ती उचलून तोंडात टाकली. मोठा गुन्हा दिसला की छोटा झाकला जातो, असा त्याचा हेतू होता. मायकेनने नजर खिडकीबाहेर वळवली. जाताना ती दारात दुसरे आभार मानून गेली, पण अळंबीचा शब्द काढला नाही.

सहा तारखेला पाऊस आला आणि तीन दिवस पडला. सगळे शहर टोपल्या घेऊन, एकमेकांना चुकवत, वेगवेगळ्या दिशांनी रानात गेले. सिक्स्टेनचा फोन वाजला नाही.

आता चौथे आभार मानायची पाळी मायकेनची होती, आणि नेमके त्यामुळेच तिला भेटणे सिक्स्टेनला अशक्य झाले. ती समोर आली आणि नुसते 'हेय' म्हणून पुढे गेली, तर सगळे संपले हे नक्की होईल. भेटच झाली नाही तर ते नक्की होणार नाही. अनिश्चितता हा चाचणी विभागात दोष समजतात. प्रेमात तिला सवलत समजतात. एकदा दुकानात त्याला ती लांबून दिसली. तिनेही त्याला पाहिले असावे, कारण ती झटकन कडक पावाच्या फडताळामागे गेली. सिक्स्टेन गोठवलेल्या माशांच्या शीतपेटीवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. पावांमागे एक ज्येष्ठ नागरिक, माशांवर एक ज्येष्ठ नागरिक, आणि मधून ये-जा करणारी गिऱ्हाइके. कोणालाही यात वावगे वाटले नाही. अखेर हात बधिर झाल्याने हाती लागली ती माशांची सहा पाकिटे त्याला विकत घ्यावी लागली. त्या आठवड्यात तो रोज मासा आणि दोघांपुरते बटाटे खात होता.

बोर्ये म्हणाला, "तूच जा की रानात. शोध तिची जागा."

"आणि सापडली तर?"

"तर खा."

"तिने दाखवल्याशिवाय?" सिक्स्टेनने असे काही त्याच्याकडे पाहिले, की बोर्येने विषय बदलून हवामानावर नेला. हवामानही बदललेच होते. काचांवर सकाळी धुके धरू लागले होते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पासष्टच्या वरील नागरिकांना फ्लूची लस टोचण्यात आली. लस घेतल्यावर पंधरा मिनिटे प्रतीक्षागृहात बसून राहण्याचा नियम आहे. त्या प्रतीक्षागृहात बसण्याचाही एक नियम आहे (तो भिंतीवर लावलेला नाही, कारण गरज नाही): दोन माणसांमध्ये एक खुर्ची रिकामी हवी. सिक्स्टेन दंडाला पट्टी लावून बाहेर आला तेव्हा अशी नियमित खुर्ची एकही शिल्लक नव्हती. एकच रिकामी होती, आणि तिच्या शेजारी मायकेन बसली होती. तिच्याही दंडाला पट्टी होती. पळून जाण्यास वैद्यकीय मनाई होती.

तो बसला. दोघे समोरच्या हात धुण्याच्या सूचनाफलकाकडे पाहत राहिले.

"बोलून टाक एकदाचं," मायकेन फलकाला म्हणाली.

"काय?"

"जूनपासून मनात धरून ठेवलंयस ते."

"जून?"

"सोंग नको करूस. जूनमध्ये तुझ्या इमारतीच्या बागेत हेरिंग मासे आणि नवे बटाटे जेवलो आम्ही. चार दिवसांनी वाचनालयात तू समोर आलास. तिथं 'शांतता राखा' अशी पाटी होती, म्हणून मी नुसती मान हलवली. मागच्या वेळेबद्दल आभार म्हणाले नाही."

सिक्स्टेनने बराच वेळ आठवून पाहिले. "मला वाचनालयसुद्धा आठवत नाही."

"आठवत नाही?" मायकेनने प्रथमच मान वळवली. "मग मी नऊ माणसांना शेवंडी कशाला खाऊ घातल्या? पाठीचा काटा ढिला झाला माझ्या! ते खातं मिटावं म्हणून. आणि तू काय केलंस? काचेच्या पेटीपाशी तोंड वळवून रंगीत काचेची चौकशी. म्हटलं, झालं. फेडलं यानं उट्टं."

"अगं, मी घाबरलो होतो."

"कुणाला?"

"तुलाच की."

"मग त्या दिवशी दुकानात?"

"तेव्हाही."

पलीकडच्या खुर्चीवरचा, काठी घेतलेला एक अनोळखी म्हातारा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाला, "म्हणा की मग दोघं एकदम आणि मिटवा. तुमची पंधरा मिनिटं कधीच झाली. माणसं उभी आहेत."

(अनोळखी माणसाने आपण होऊन तोंड उघडल्याची त्या दवाखान्यातील ही पहिलीच घटना. परिचारिकेने त्याचा ताप पाहिला.)

दोघांनी एकदम म्हटले. तिने जूनबद्दल आणि एक सप्टेंबरबद्दल, त्याने ऑगस्टबद्दल. बाकी काही राहिले नाही याची खात्री करून मायकेन उठली. "स्वेटर आणलायस का? चल."

गाडी तिची होती आणि चालवलीही तिनेच. निघण्यापूर्वी तिने त्याचा फोन बंद करून आपल्या पर्समध्ये ठेवला, शहराबाहेरच्या चौकाला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मग एका कच्च्या रस्त्याला लागली. तिथून पुढे दोघे दुखरा दंड सांभाळत चालत गेले. एका उतारावर, भूर्जांच्या आणि देवदारांच्या मध्ये, शेवाळाचा एक लांबट पट्टा होता. मायकेन तिथे थांबली.

"ही."

रात्री दव गोठून गेले होते. शेवाळातून काळपट, बुळबुळीत झालेले काही देठ वर आले होते. बोट लावताच विरत होते. मायकेनने गुडघ्यावर बसून पाने चाळली.

"काहीच नाही रे," ती म्हणाली.

"असं कसं," सिक्स्टेन म्हणाला, "जागा आहे ना." त्याने चारी बाजूंना नीट पाहून घेतले, आणि पाहून झाल्यावर टोपी काढली.

परतताना मायकेनच्या घरासमोर गाडी थांबली तरी तो उतरला नाही. इंजिन चालू होते.

"काय झालं? दंड दुखतोय?"

"हिशेब करतोय," सिक्स्टेन म्हणाला. "मी इथे उतरलो की ही मागची वेळ होईल. मग पुढे कुठेतरी भेटू तेव्हा पहिल्या वाक्यात मला तिचे आभार मानावे लागतील. या वेळचे आभार मला तीन शब्दांत बसवता येणार नाहीत, मायकेन. आणि पुन्हा काचेची पेटी आडवी आली, तर पुढचा सप्टेंबर..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

"मग यावर तुमच्या चाचणी विभागात काय उपाय सांगतात?"

"पुन्हा भेट होणं बंद केलं पाहिजे."

मायकेनने त्याच्याकडे पाहिले. सिक्स्टेनने घाईघाईने पुढचा भाग जोडला. "म्हणजे, निरोपच घेतला नाही, तर भेट होत नाही. मागची वेळ तयारच होत नाही."

मायकेनने इंजिन बंद केले. "तुला एवढं लांबून यावं लागतं का रे सगळीकडे?" ती म्हणाली. "आत ये. आणि बटाटे घालताना मोजून घाल, मी दोन खाते."

अशा रीतीने स्वीडनमधील आणखी एक विवाहसदृश संबंध केवळ तांत्रिक कारणास्तव अस्तित्वात आला. (असे किती आहेत याची गणना झालेली नाही; विचारणे असभ्यपणाचे ठरेल.) बोर्ये अधूनमधून कॉफीला येतो. त्याच्यासाठी वडी आता वेगळ्या बशीत, एकच ठेवतात. चौथ्या आभारांचा प्रश्न त्या घरापुरता कायमचा सुटला आहे, परंतु पहिले आभार लागूच राहिले, कारण ते ताटावरून उठताना मानायचे असतात आणि ताटावरून रोज उठावे लागते. सिक्स्टेन मायकेनचे मानतो, ज्या दिवशी तो रांधतो त्या दिवशी मायकेन त्याचे मानते, आणि कॉफीचे दोघे एकमेकांचे मानतात.

हे वाचून मराठी वाचकाला हसू आले असल्यास ते योग्यच आहे. घरच्या माणसाचे कसले आभार? आपल्याकडे आभार मनात असतात (मन उघडून तपासण्याची सोय नसल्याने हा साठा हिशेबात धरता आलेला नाही). तथापि तुलनेसाठी दोन्ही आकडे देणे कर्तव्य आहे. सिक्स्टेन आणि मायकेन यांच्या घरात एकमेकांचे मानले जाणारे आभार, दिवसाला सरासरी सात. वाचकाच्या घरात, आज सकाळी हातात आयता आलेल्या चहापासून मोजल्यास, शून्य.